प्रवासवर्णनातले पान

हल्लीच्या प्रवासवर्णनांत लेखक जेवतो आणि वाचक उपाशी राहतो. कोठे उतरलो, काय खाल्ले, मोटारीतून कोणते सरोवर पाहिले, सारे कळते. रांधणारी बाई मात्र दिसत नाही. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या. १८८९ च्या त्यांच्या पुस्तकात माहितीचे ओझे अंमळ जड आहे खरे. पण त्या परक्या घरात शिरल्या की आधी तिथल्या बाईची स्थिती पाहतात. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) थट्टा आहे, पण बरीचशी स्वतःचीच, म्हणूनच तर लंडन-पॅरिस आपल्या ओसरीवर येऊन बसतात! सुट्टीत मुलांच्या हाती आधी ‘अपूर्वाई’ द्यावी. रमाबाई मात्र आपण वडीलधाऱ्यांनी वाचाव्यात.