हौदाच्या भिंतीवरचा फेस

जूनचे पहिले जोरदार पाऊस झाले की कोकणात कान आणि डोळे दोन्ही ओढून घेतो तो थोरला बेडूक. एरवी मातकट हिरवा असणारा नर विणीच्या दिवसांत लख्ख पिवळा होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवतो आणि डबक्यात डरांव डरांव सुरू करतो. देखणाच प्रकार आहे. पण बेडकांच्या मीलनातलं खरं कसब पाहायचं तर मी परसातल्या सिमेंटच्या हौदाकडे बोट दाखवीन. तिथे झाडबेडूक येतात.

नर जेमतेम पाच सेंटीमीटरचा. काठावरच्या कर्दळीत बसून तुटक, कोरडं टक्-टक् करतो. मादी अंगाने त्याच्याहून बरीच मोठी. ती आवाजाच्या रोखाने येते. नर तिच्या पाठीवर चढून पुढच्या पायांमागे मिठी घालतो. या दिवसांत त्याच्या अंगठ्याशी खरखरीत गादी आलेली असते, म्हणून ओल्या अंगावरूनही पकड सुटत नाही. त्याला तसाच पाठुंगळीला घेऊन ती पाण्याच्या वर, उभ्या भिंतीवर जागा धरते.

इथून पुढे नजर तिच्या मागच्या पायांवर ठेवावी. शरीरातून पाझरणारा चिकट द्रव ती रवीने ताक घुसळावं तसा पायांनी घुसळते. पाय आत येतात, एकमेकांना ओलांडतात, बाहेर जातात. थांबते, पुन्हा तेच. बुळबुळीत द्रवाचा पांढरा, घट्ट फेस होत जातो. त्यातच अंडी पडतात आणि तिथेच नर ती फलित करतो. एवढं सगळं निव्वळ स्पर्शाच्या अंदाजाने, कारण फेस तयार होतो तो तिच्या पाठीमागे. या तोलाला मी मनापासून दाद देतो.

फेसाची रचनाही पाहण्याजोगी. वरचा थर वाळून पापुद्रा धरतो, आतला ओलावा टिकतो. पाण्यातले मासे आणि चतुराच्या अळ्या अंड्यांपर्यंत पोचू शकत नाहीत. काही दिवसांनी खालची बाजू सैल होते आणि डिंभ टपाटप पाण्यात पडतात.

यात एक जोखीम मात्र आहे. मादी घरट्याची राखण करीत बसत नाही; खालचं पाणी टिकेल, या भरवशावर सगळं सोडून जाते. मध्येच पावसाने ताण दिला आणि हौद आटला, तर डिंभ कोरड्या तळावर पडतात. त्यात हा फेस साबणाचा समजून लोक खराट्याने खरवडून काढतात, याचं फार वाईट वाटतं. हौद घासायचाच असेल तर तेवढा हातभर तुकडा आठवडाभर सोडावा, आणि डासांसाठी गप्पी मासे सोडायचे असतील तर ते दुसऱ्या टाकीत.