ध्वनिमुद्रिकेवरून तबल्याचा पाठ : एका वहीचें परीक्षण

जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह करणारे लोक संशोधकांत थोडे आहेत. तथापि ज्यांस पोथ्यांचा व दप्तरांचा नाद आहे त्यांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. लाखेची तबकडी ही देखील एक पोथीच आहे. तिला कर्ता आहे, लेखनसाधन आहे, जीर्णता आहे, आणि तिच्यावरून उतारा करणाराचे हस्तदोषहि आहेत. असें असतां पोथीस लावावयाची शिस्त तबकडीस सहसा कोणी लावीत नाहीं. भाईंदर येथील एका वहीमुळें ही उणीव ठळकपणें दिसून आली, म्हणून हें परीक्षण.

येथील एका तरुण तबलावादकानें गंधर्व नाटक मंडळीच्या एका नाटकांतील पदाची जुनी तबकडी मिळविली आणि तींतील तबल्याचे बोल मात्रेमात्रेनें उतरून काढिले. त्या वहीबरहुकूम त्यांनीं एका समारंभांत साथहि करून दाखविली व ती लोकांस आवडली. वही छापण्याचा विचार ठरल्यावर ती तपासण्यासाठीं माझ्याकडे आली. श्रम मोठे आहेत. अक्षर स्वच्छ आहे. मात्राविभाग भातखंडे-पद्धतीनें नीट दाखविले आहेत. परंतु पहिल्याच पानावर ‘अहमदजान थिरकवा यांची साथ’ असें ठळक लिहिलें आहे, आणि वादाला आरंभ तेथूनच होतो.

गंधर्व नाटक मंडळी १९१३ सालीं निघाली व थिरकवा खांसाहेब तिच्यांत कित्येक वर्षें होते, हें सर्वश्रुत आहे. पण त्यावरून मंडळीच्या प्रत्येक पदाच्या तबकडींत त्यांचाच हात आहे असें होत नाहीं. त्या काळच्या तबकडीवर गायकाचें नांव असे, बहुधा नाटकाचेंहि असे. साथीदाराचें क्वचितच असे. पुष्पिका नसलेल्या पोथीवर आपण विख्यात ग्रंथकाराचें नांव घालीत नाहीं. प्रस्तुत तबकडीचा तर कागदी शिक्काच खाडीकाठच्या दमट हवेनें अर्धा गेला आहे. सुदैवानें शिक्क्याच्या कडेस लाखेंतच उमटलेला मूळ सांच्याचा अंक शाबूत आहे. तो वहींत कोठेंच उतरून घेतलेला नाहीं. ताम्रपटाचें वाचन छापावें आणि त्याच्या प्राप्तिस्थानाचा व मापांचा उल्लेखहि करूं नये, तशांतला हा प्रकार झाला.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. ही तबकडी विद्युत्-पद्धतीच्या पूर्वीची आहे. गेसबर्ग यानें १९०२ सालीं कलकत्त्यास मुद्रण केलें तेव्हांपासून पुढें वीस-बावीस वर्षें गायक, ऑर्गन, सारंगी व तबला हीं सर्व एकाच कर्ण्यापुढें बसत; जें होईल तें एकदम मेणावर कोरलें जाई व मागाहून दुरुस्ती होत नसे. त्या कर्ण्याची ग्रहणशक्ति स्थूलमानानें सेकंदास २५० पासून २५०० आंदोलनांपर्यंत होती. त्याखालील नाद उमटे तो अत्यंत क्षीण, किंवा उमटतच नसे. उजव्या तबल्याचा स्वर या मर्यादेंत येतो. बायाचा मूळ नाद तिच्या बराच खालीं राहतो.

याचा परिणाम केवढा होतो पाहा. ‘धा’ हा बोल म्हणजे उजव्याचा ‘ता’ आणि बायाचा ‘गे’ यांचा संयोग. बाया लुप्त झाला कीं ‘धा’ आणि ‘ता’ यांत कानाला भेद उरत नाहीं. ‘धिं’ आणि ‘तिं’ यांचीहि तीच गति. त्रितालाच्या ठेक्यांत भरी व खाली यांचा भेद मुख्यत्वें बायाच्या असण्यानसण्यावरच उभा आहे. म्हणजे जी खूण सर्वांत महत्त्वाची तीच या पोथींत पुसली गेली आहे. सर्व अनुस्वार झडून गेलेल्या पोथीवरून विभक्ति ठरविण्यासारखें हें काम आहे: संदर्भानें तें पुष्कळदां साधतें, पण जें साधलें तें अनुमान होय, वाचन नव्हे. वहींत मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ‘धा’ आणि ‘ता’ सारख्याच निश्चयानें लिहिले आहेत.

येथें स्वतःची एक चूक सांगणें प्राप्त आहे. वही समोर ठेवून तबकडी प्रथम ऐकली तेव्हां मलाहि बाया स्पष्ट ऐकूं आला. दुसऱ्या दिवशीं वही मिटून ऐकली, तों तो नाहीं. आदल्या दिवशीं ऐकला तो तबकडींतला बाया नव्हता, वहींतला होता. उताऱ्याच्या साहाय्यानें मूळ वाचणाराची फसगत कशी होते, तें पोथ्या चाळणारांस सांगावयास नको.

परदेशांतहि हेंच घडलेलें आहे. अमेरिकेंत १९२३ सालीं किंग ऑलिव्हर याच्या वाद्यवृंदाचें मुद्रण झालें. त्यांतील तालवादक बेबी डॉड्स याच्या मोठ्या ढोलाचा धक्का त्या यंत्रास सोसण्याजोगा नसल्यामुळें त्याचा भर लांकडी ठोकळ्यांवर राहिला. केवळ तबकडीवर विसंबणारास तीच त्याची खरी वादनरीति होती असा भ्रम होईल. यंत्राची मर्यादा ही वादकाची शैली नव्हे.

वहीचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ज्या ठिकाणीं ऑर्गन व गायकाचा आवाज यांखालीं तबला अजिबात ऐकूं येत नाहीं, तेथें लेखकानें थिरकवा खांसाहेबांच्या पुढील काळांतील स्वतंत्र वादनांतले बोल घालून जागा भरल्या आहेत. स्वतंत्र वादन निराळें, साथ निराळी. आणि त्या दोहोंमध्यें काळाचें अंतरहि आहे. भाष्यांतील वाक्य उचलून मूळ सूत्रांत घालावें तसें हें झालें. कांहीं जागा त्यांनीं संगणकाकडून स्वर व ताल वेगळे करवून घेऊन भरल्या आहेत. त्या साधनाचा उपयोग मला मान्य आहे. पण तें अंदाजानेंच विभागणी करतें, आणि तबकडींत जो नाद उमटलाच नाहीं तो तें परत आणूं शकत नाहीं. त्याचा निर्णय म्हणजे एका तर्ककुशल लेखनिकाचा निर्णय समजावा.

लयीचेंहि तसेंच. वहींत मिनिटास १५० मात्रा दिल्या आहेत. तबकडी मिनिटास ७८ फेऱ्यांनीं फिरविली असें त्यांनीं सांगितलें. परंतु त्या काळीं मुद्रण नेमकें त्याच वेगानें होत असे असें नाहीं. वेग बदलला कीं स्वर आणि लय दोन्ही बदलतात. स्वर अर्ध्यानें चढला तर लय शेंकडा सहानें वाढते, म्हणजे १५० च्या जागीं सुमारें १५९ येतात. ऑर्गनची पट्टी निश्चित असते. तिच्याशीं ताडून वेग ठरवावयास हवा होता.

असें असूनहि ही वही टाकाऊ आहे असें मी म्हणत नाहीं. उजव्या हाताच्या आघातांची संख्या, त्यांतील अंतरें, अंतऱ्यानंतरची तिहाई, आणि एके ठिकाणीं गायकाच्या मुरकीसाठीं तबला मात्राभर गप्प बसतो ती जागा, हीं सर्व त्यांनीं अचूक टिपलीं आहेत. मीं तीं तबकडीशीं ताडून पाहिलीं. ती गप्प जागा कोणत्याहि ठेक्याच्या पुस्तकांत सांपडणार नाहीं. आणि वही जतन करण्यास तेवढें एक कारणहि पुरेसें आहे.

उपाय अवघड नाहीं. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत डॉ. सुकथनकरांनीं संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ दिली. तीच पद्धत येथें घ्यावी. ऐकूं आलेला आघात साधा लिहावा. ‘धा’ कीं ‘ता’ हें अनुमानानें ठरविलें असेल तेथें नागमोडी रेघ द्यावी. पदरचा बोल चौकोनी कंसांत घालावा. आणि जेथें कांहींच कळत नाहीं तेथें टिंबें देऊन जागा मोकळी सोडावी. सांच्याचा अंक, वेग व पट्टी आरंभीं नोंदावीं. एकाच सांच्याच्या पांच तबकड्या मिळाल्या तरी साक्षी एकच धरावा. मात्र एकीचा ओरखडा दुसरीवरून भरून काढतां येईल. तेंच पद दुसऱ्यांदां मुद्रित झालें असेल तर तो खरा दुसरा साक्षी. शिवाय तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची; रंगभूमीवर तेंच पद ‘वन्समोअर’ घेत कितीतरी वाढे. तबकडीचा पाठ साधला तरी रंगभूमीचा पाठ साधला असें होत नाहीं.

आज संशय उघड न दाखवितां ही वही छापली गेली, तर पन्नास वर्षांनीं कोणी विद्यार्थी तिच्यावरून थिरकवांची साथ शिकेल, आणि तेव्हां मूळ तबकडी कदाचित् नसेल. मग चुकीचें खंडन करण्यास साधनच उरणार नाहीं. तरुण लेखकास मीं इतकेंच सुचविलें आहे कीं, मुखपृष्ठावरील नांव काढावें, खुणा घालाव्या आणि वही पुन्हां उतरावी. त्यांनीं तें मान्य केलें आहे. नव्या उताऱ्यांत मोकळ्या जागा पुष्कळ दिसतील. पण त्या मोकळ्या आहेत म्हणूनच उरलेल्या ओळींवर विश्वास ठेवतां येईल. इत्यलम्.