‘नाई’ शब्दाची व्युत्पत्ती व प्रयोग

हिंदी कोशांतून ‘नाई’ हा जातिवाचक शब्द सामान्यतः संस्कृत ‘नापित’ शब्दापासून आलेला म्हणून नोंदविला जातो, आणि विचार तेथेच थांबतो. ‘नापित’ शतपथ ब्राह्मणात आढळतो. तेव्हा तोच मूळ शब्द, असे गृहीत धरले जाते. परंतु ग्रंथाची प्राचीनता म्हणजे रूपाची प्राचीनता नव्हे. पालीत ‘नहापित’ असे रूप आहे, व त्यातील हकार ‘नापित’ शब्दातून निघू शकत नाही. ‘स्ना’ धातूच्या प्रयोजक रूपापासून ‘स्नापित’ असा शब्द कल्पिला, तर पाली रूप व प्राकृत ‘ण्हाविअ’ ही दोन्ही सरळ सिद्ध होतात. ‘स्नान’चे ‘ण्हाण’ झाले तोच हा नियम. म्हणजे ‘नापित’ हे लोकभाषेतून संस्कृतात शिरलेले, हकार गमावलेले रूप ठरते. हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘नापित’मधील नकाराच्या जागी विकल्पाने ‘ण्ह’ सांगितला. व्याकरणाच्या सोयीस ते ठीकच. इतिहासाचा क्रम मात्र त्यायोगे उलटा होतो.

मराठी ‘न्हावी’ हा ‘ण्हाविअ’चा थेट वंशज होय. त्यातील हकार ‘न्हाणे’च्या सादृश्याने मागाहून आला असेल, ही शंका पाली रूपापुढे टिकत नाही. हिंदीत ‘नहाना’मध्ये हकार राहिला, ‘नाई’ व ‘नाऊ’ यांत तो नाही. म्हणून हिंदीभाषकास या दोहोंचे नाते जाणवत नाही.

नाव वस्तऱ्यावरून नव्हे, स्नानावरून पडले आहे. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात स्नानचूर्ण पाण्याने कालविणाऱ्या कुशल ‘नहापका’चा दृष्टान्त येतो. उत्तर भारतातील विवाहात वधूला उटणे लावण्याचे काम परंपरेने नाइनीकडे असे, तेही याच अर्थाशी जुळते. मात्र ‘नहछू’ या विधिनामाचा येथे पुरावा देऊ नये. त्यातील ‘नह’ म्हणजे नख.

प्रयोगाच्या बाजूने पाहता, म्हणींतून धूर्तपणाशी जोडला गेल्याने ‘नाई’ शब्दाला हेटाळणीची छटा आली, आणि ‘सेन’, ‘ठाकुर’ अशी नावे पुढे आली. बिहारचे मुख्यमंत्री कर्पूरी ठाकुर (१९२४–१९८८) याच समाजाचे. उत्तर प्रदेशात मात्र ‘ठाकुर’ म्हटले की राजपूतच समजला जातो.