एकलवादनाची सनद

पियानोवादकाने रंगमंचावर एकट्याने बसावे, सबंध मैफल स्वतःच्याच बळावर तोलून धरावी आणि समोर स्वरलिपीचा कागदही न ठेवता ती निभावून न्यावी, हा शिरस्ता युरोपीय संगीतात आज इतका रुळला आहे की तो अनादिकालापासून चालत आला असावा, असा कोणाचाही समज व्हावा. वस्तुतः त्याचे वय दोनशे वर्षांचेही नाही. फ्रान्झ लिस्टने १८४० च्या जूनमध्ये लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर येथील सभागृहात केवळ आपल्या वादनाची मैफल जाहीर केली, तोवर गायक आणि इतर वादक यांच्या मिश्र कार्यक्रमात पियानोवादकाने आपला वाटा उचलून बाजूला व्हावे, अशीच सर्वसाधारण वहिवाट होती; आणि त्याच्या तीनच वर्षे आधी, विशीही न गाठलेली क्लारा वीक, म्हणजे पुढची क्लारा शूमान, बर्लिनमध्ये स्वरलिपीवाचून वाजवू लागली, तेव्हा काही जाणत्यांना त्यात कौशल्यापेक्षा औद्धत्यच अधिक दिसले होते.

लिस्टने ही सनद स्वतःच्या नावे करून घेतली, ती शोभलीही. कारण तो वादक होता तसाच रचनाकारही होता, आणि श्रोत्यांनी सुचवलेल्या सुरावटीवर तत्क्षणी विस्तार करण्याची शक्ती त्याच्या अंगी होती. पुढे रचनाकार आणि वादक यांची फारकत झाली, ओतीव लोखंडाच्या चौकटीने वीसेक टनांचा ताण पेलणारा अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा पियानो हजारोंच्या सभागृहांना पुरू लागला, आणि सनद मात्र वारसाहक्काने अशा वादकांकडे आली ज्यांचे सारे कर्तृत्व दिवंगतांच्या दस्तऐवजांची जपणूक करण्यात सामावले होते. जे साधन होते ते कसोटी झाले. आपल्या बैठकीतला गवयीही बंदिश स्मरणातूनच गातो. परंतु तेथे स्मरण हे प्रस्थानबिंदू असते, तर येथे एकही स्वर इकडचा तिकडे न होणे हीच स्मरणाची फलश्रुती मानली जाते.

या कसोटीला कायद्याचे रूप दिले ते स्पर्धांनी. वॉर्सॉची शोपॅं स्पर्धा १९२७ मध्ये सुरू झाली. मॉस्कोची चायकोव्हस्की स्पर्धा १९५८ मध्ये. मॉस्कोत टेक्ससचा तेवीस वर्षांचा व्हॅन क्लायबर्न पहिला आला आणि न्यूयॉर्कने एखाद्या विजयी सेनापतीप्रमाणे त्याची मिरवणूक काढली. पण तेच तेच कन्चेर्टो पुनःपुन्हा वाजवण्याच्या मागणीखाली हा गुणी वादक दबून गेला, हे त्याच्या चाहत्यांनाही नाकारता येणार नाही. वॉर्सॉत १९८० साली ईव्हो पोगोरेलिचला अंतिम फेरीत प्रवेश मिळाला नाही, म्हणून मार्ता आर्गेरिच परीक्षकमंडळ सोडून गेली. परीक्षकांचा कौल सरासरीने ठरतो, आणि सरासरीला विक्षिप्तपणाचे नेहमीच वावडे असते.

मॉस्कोच्या त्या परीक्षकमंडळात स्व्यातोस्लाव रिख्तर होता, ही दैवाची थट्टाच म्हणायची. १९१५ साली झितोमिर येथे जन्मलेला, ओडेसात वाढलेला हा वादक बव्हंशी स्वयंशिक्षित. ऑपेरागृहात गायकांच्या तालमींना साथ करता करता त्याचा हात तयार झाला, आणि १९३७ मध्ये तो मॉस्कोत हाइनरिख नॉयहाउस यांच्यापुढे दाखल झाला तेव्हा गुरूला शिकवण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. जर्मन वंशाच्या त्याच्या वडिलांना १९४१ साली सोव्हिएत सत्तेने गोळी घातली. १९४३ च्या जानेवारीत प्रोकोफिएफच्या सातव्या सोनाटाचे पहिले जाहीर वादन त्यानेच केले. परदेशगमनाचा परवाना मात्र त्याला उशिरा मिळाला, आणि अमेरिकेने त्याला १९६० मध्ये प्रथम ऐकले.

१९५८ च्या फेब्रुवारीत सोफिया येथे त्याने वाजवलेल्या मुसोर्गस्कीच्या चित्रमालिकेचे ध्वनिमुद्रण आज ऐकावे. श्रोत्यांचे खोकणे अखंड चालू आहे, चुकीचे स्वरही लागले आहेत, आणि तरीही त्यात जी धग आहे ती तुकडे जोडून निर्दोष केलेल्या तबकड्यांत क्वचितच आढळते. ग्लेन गूल्डने १९६४ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मैफलींचा कायमचा त्याग करून ध्वनिमुद्रणकक्षाचा आश्रय घेतला, आणि त्या जोडकामाचे त्याने केलेले समर्थन बुद्धीला पटणारेही आहे. परंतु गूल्डच १९५७ मध्ये मॉस्कोत रिख्तरने वाजवलेला शूबर्टचा शेवटचा सोनाटा ऐकून भारावून गेला होता. त्या सोनाटाचा पहिला खंड रिख्तर इतक्या विलंबित गतीने वाजवी की अन्य कोणाच्या हाती तो मोडूनच पडला असता. माझ्या मते त्याच्या कलेचे मर्म वेगापेक्षा या धारणेतच आहे, जरी उत्तरकाळात ती कधी कधी केवळ हट्टापोटी आल्यासारखी वाटते.

आणि याच वादकाने आयुष्याच्या अखेरच्या दोन दशकांत सनदेची कलमे एकेक करून परत केली. फ्रान्समध्ये तूरजवळच्या एका मध्ययुगीन धान्यकोठारात तो १९६४ पासूनच उत्सव भरवीत आला होता. १९८६ मध्ये लेनिनग्राडहून मोटारीने निघून, सायबेरियातल्या लहानसहान गावी वाजवीत तो व्लादिव्होस्तोकपर्यंत गेला. सभागृह काळोखे, पियानोवर एक लहान दिवा, आणि त्या दिव्याखाली उघडी स्वरलिपी! याला निव्वळ तत्त्वनिष्ठा म्हणण्याचा भाबडेपणा करू नये. वार्धक्यात त्याला स्वर प्रत्यक्षाहून चढे ऐकू येत, आणि कानावरचा भरवसा उडालेल्या माणसाला डोळ्यांची साक्ष हवीशी वाटणे स्वाभाविकच होते. तथापि श्रोत्यांनी वादकाचा चेहरा व बोटे पाहण्यापेक्षा संगीत ऐकावे, हे त्याचे म्हणणे या गरजेहून स्वतंत्र होते.

१९९७ मध्ये रिख्तर निवर्तला. आता कित्येक वादक पियानोवर निःसंकोचपणे टॅब्लेट ठेवतात आणि पायातल्या कळीने पान उलटतात. वॉर्सॉच्या नियमावलीत मात्र स्मरणातूनच वाजवण्याचे कलम टिकून आहे. ते रद्द झाल्याने वादन सुधारेल असा माझा दावा नाही. परीक्षकांना पाठांतराखेरीज दुसरे काही ऐकण्याची निदान सक्ती तरी होईल.