नम्रतेची कसोटी

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात मंदिरात प्रार्थना करणाऱ्या परूश्याचा दोष असत्य भाषणाचा नव्हे. तो आठवड्यातून दोनदा उपवास करतो, उत्पन्नाचा दशमांश देतो आणि देवाचे आभारही मानतो. तरीही नीतिमान ठरून घरी जातो तो दूर उभा राहून केवळ दयेची याचना करणारा जकातदार. परूश्याला देवाकडे मागण्यासारखे काही उरलेलेच नाही. परंतु ‘मी त्या परूश्यासारखा नाही’ असे म्हणताच वाचकही त्याच्याच शेजारी जाऊन उभा राहतो.

भक्तिकाव्यापुढील खरा पेच हाच आहे. दैन्य सुंदर शब्दांत सांगता आले की त्या सांगण्याचाच अभिमान जडतो. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगरचना आणि ‘दास’ ही नाममुद्रा स्वीकारली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. पण नाममुद्रा नम्र असल्याने कविता नम्र होत नाही. ‘दास’ हे जेथे बिरुद होते, तेथे रचना उपदेशाकडे झुकते. जेथे ती रिकाम्या हातांची कबुली असते, तेथे कृपा हा सिद्धांत न राहता अनुभव होतो.

लक्ष्मीबाई टिळक ‘स्मृतिचित्रे’त नम्रतेची व्याख्या करीत बसत नाहीत, स्वतःच्या फजितीवर मोकळेपणाने हसतात. स्वतःला निर्दोष ठरविण्याचे ओझे ज्याच्या डोक्यावरून उतरले आहे, त्यालाच असे हसता येते. म्हणूनच ख्रिस्ती नम्रतेचा मराठीतील सर्वांत विश्वसनीय पुरावा मला अभंगांपेक्षा या गद्यात आढळतो.