ढाक्याची तार

आमच्या लहानपणी ‘तार आली’ असे कोणी दारातून ओरडले, की ती उघडण्याआधीच घरातल्या बायका डोळ्यांना पदर लावीत. शुभ वार्ता तारेने क्वचितच येई. आपल्या देशातली ही तार जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली, आणि त्याच वर्षी गॅरी बास या अमेरिकन प्राध्यापकांचे ‘द ब्लड टेलिग्राम’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. माझ्या हाती ते फार उशिरा पडले. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते सावकाश वाचले. सणाच्या अंकात असल्या पुस्तकाविषयी लिहावे का, असा प्रश्न मनात आला खरा. पण निवांत वाचायला सवड याच चार दिवसांत मिळते, म्हणून लिहिते.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कर ढाका शहरावर तुटून पडले. पूर्व बंगालने निवडणुकीत दिलेला कौल लष्करशहा याह्याखान यांना मान्य नव्हता. विद्यापीठात शिरून सैनिकांनी विद्यार्थी मारले, अध्यापक मारले. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गोविंदचंद्र देव त्यांतलेच. मी मुलांना शिकवून पोट भरते. ही पाने मला एका दमात वाचवली नाहीत.

आर्चर ब्लड हे त्या वेळी अमेरिकेचे ढाक्यातील कॉन्सल जनरल होते. इंग्रजीत या आडनावाचा अर्थ रक्त असा होतो. हा श्लेष लेखकाने जुळवलेला नाही, दैवाने जुळवला. डोळ्यांदेखत चाललेली कत्तल ब्लड वॉशिंग्टनला कळवीत राहिले. मारणाऱ्यांच्या हाती अमेरिकन शस्त्रे होती, आणि अमेरिका गप्प होती. शेवटी ६ एप्रिलला ढाक्यातून एक तार गेली. आपल्या सरकारने नीतीचे दिवाळे काढले आहे, असे तिच्यात सरकारच्याच नोकरांनी सरकारला सुनावले होते. खाली वीस सह्या होत्या.

त्या विसांत ब्लड यांची सही नव्हती! कचेरीचा प्रमुख या नात्याने आपण सही करणे उचित नाही, असे त्यांना वाटले. पण याच मतांचा मीही आहे, असे त्यांनी खाली स्वतंत्रपणे लिहिले आणि तार रवाना केली. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. मी कादंबरी लिहीत असते, तर नायकाकडून ठसठशीत अक्षरांत पहिली सही करवून घेतली असती, आणि प्रसंग नाटकी झाला असता. खरा माणूस शिस्त सोडीत नाही आणि सत्यही सोडीत नाही. त्याची किंमत त्याने मोजली: जूनमध्ये ब्लड यांना ढाक्याहून हलवण्यात आले.

वॉशिंग्टन गप्प का होते? निक्सन आणि किसिंजर यांना चीनशी गुप्त संधान बांधायचे होते, आणि निरोप याह्याखान पोचवीत होते. याह्यांवर तूर्त दडपण आणू नका, असा शेरा निक्सन यांनी स्वहस्ते लिहिला आणि त्यातल्या नकाराखाली तीन रेघा ओढल्या. जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानात आले, पोट बिघडल्याचे सोंग घेऊन दिसेनासे झाले आणि पेकिंगला जाऊन परतले. त्यांच्या बाजूने म्हणायचे तर, चीनशी मैत्री ही लहान गोष्ट नव्हती. पण बास यांचा बिनतोड सवाल असा, की पेकिंगचे दार उघडल्यावर याह्यांची गरज सरली, मग धोरण का बदलले नाही? या सवालाला समाधानकारक उत्तर मला कोठे सापडले नाही.

बास आपल्या बाजूलाही सोडीत नाहीत. सुमारे एक कोटी निर्वासितांना आसरा देणारा भारत गनिमांना गुप्तपणे शस्त्रेही पुरवीत होता, हे ते स्पष्ट लिहितात. आपल्या अभिमानाला थोडे बोचते. पण बोचले म्हणूनच पुस्तकावर विश्वास बसतो.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. या पुस्तकात सर्वांत जिवंत उतरले आहेत ते निक्सन आणि किसिंजर. कारण उघड आहे: त्यांचे बोलणे ध्वनिफितींवर टिपलेले होते. शिव्यांसकट सारे उरले. जगन्नाथ हॉलमध्ये मारली गेलेली मुले आदल्या संध्याकाळी काय बोलत होती, हे कोण टिपणार? त्यामुळे मारले गेले ते पुष्कळदा जमाव म्हणूनच येतात. ही उणीव भरून काढायची, तर जहानारा इमाम यांची ‘एकात्तरेर दिनगुलि’ ही बंगाली रोजनिशी शेजारी ठेवावी. लष्कराने नेलेला आणि परत न आलेला मुलगा तिथे नावाने भेटतो: रुमी.

तार वाया गेली का? पहिल्या वाचनात मला तसेच वाटले. पण याच कहाणीतला आणखी एक माणूस पाहा. अँथनी मस्कारेन्हास यांचा जन्म बेळगावचा, घराणे गोव्याचे, नोकरी कराचीत पत्रकाराची. लष्कराने त्यांना गोडगोड लिहावे म्हणून पूर्व बंगाल हिंडवून आणले. त्यांनी आधी बायकामुलांना देशाबाहेर काढण्याची तजवीज केली, आणि मग १३ जून १९७१ च्या लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये जे पाहिले ते छापले. त्या लेखाने आपण हादरलो आणि युरोपच्या राजधान्यांकडे व मॉस्कोकडे वळलो, असे इंदिरा गांधींनी सांगितल्याचे त्या पत्राचे संपादक हॅरॉल्ड इव्हान्स यांनी नमूद केले आहे.

हत्या थांबली ती शब्दांनी नव्हे, डिसेंबरच्या युद्धाने. १६ डिसेंबरच्या शरणागतीच्या दोनच दिवस आधी ढाक्यातले कितीतरी अध्यापक, डॉक्टर, पत्रकार घरांतून उचलून मारले गेले. तेव्हा शब्दांचा विजय झाला, असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन, की ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय त्या तारेने निक्सन यांना ठेवली नाही. पुढे माणसे मरत राहिली ती माहितीअभावी नव्हे. माहिती मेजावर असताना मरत राहिली. बास यांनी हे आपल्यासमोर कागदोपत्री मांडले आहे. पुस्तक जाड आहे, विषय जड आहे. तरी घरातल्या मोठ्या मुलांच्या हाती ते पडावे, असे मला वाटते.