मटकी कोण भिजत घालतं? : ‘रुचिरा’, दोन सिनेमे आणि कराडचा आख्खा मसूर

मराठी घरांत सगळ्यात जास्त हाताळलं गेलेलं आणि तरी पुस्तक म्हणून सगळ्यात कमी वाचलं गेलेलं पुस्तक कुठलं? माझं उत्तर ‘रुचिरा’. आपण त्यात भाजणीचं प्रमाण बघतो, तेलकट बोटांनी पान उलटतो आणि परत फडताळात ठेवून देतो. कथा-कादंबऱ्यांवर पानंच्या पानं लिहिली जातात. ज्या पुस्तकानं लाखाच्या वर घरांत रोज काय शिजावं हे ठरवलं, त्याच्याकडे मात्र समीक्षेनं फारसं पाहिलेलं नाही.

कमलाबाई ओगले मूळच्या आमच्याच बाजूच्या, सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. जन्म १९१३चा. ‘रुचिरा’ १९७० साली किर्लोस्करांनी छापलं आणि ते इतकं खपलं, की कमलाबाईंना ‘सव्वा लाख सुनांची सासू’ म्हणायला लागले. या बिरुदाकडे नंतर परत येऊ. आधी पुस्तकानं नेमकं काय केलं ते बघू.

कमलाबाईंनी मापं दिली ती वाटी आणि चमच्याची. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे मला यातली गंमत जरा जास्त वाटते. तुमच्या घरची वाटी आणि माझ्या घरची वाटी एक मापाची नसते. पण ‘एक वाटी रव्याला दोन वाट्या पाणी’ असं म्हटलं, की वाटी कुठलीही घ्या, उपमा जमतो. वजनकाटा लागत नाही, शेर-तोळे आठवावे लागत नाहीत. प्रमाण वाटीतून वाटीत, घरातून घरात, कराडहून कॅलिफोर्नियात जसंच्या तसं जातं.

याचा एक परिणाम फार मोठा आहे. ‘आईच्या हातची चव’ नावाची जी गूढ गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, तिचा बराचसा भाग या पुस्तकानं उघडा केला. चव हातात असेल तर ती त्या हाताबरोबरच जाणार. चव प्रमाणात असेल तर ती कुणालाही शिकता येते, जावयालासुद्धा. सॉफ्टवेअरमध्ये ‘बस फॅक्टर’ नावाची एक कल्पना आहे. टीममधली किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. आकडा एक असेल तर मॅनेजरची झोप उडते, लगेच सगळं लिहून काढायला सांगतात. घराच्या स्वयंपाकाचा आकडा बहुतेक ठिकाणी एकच असतो. तिथं मात्र कुणाचीच झोप उडत नाही. आपण त्याला माया म्हणतो आणि मदर्स डेला स्टेटस ठेवतो.

पुस्तकात कोण नाही

‘रुचिरा’सारख्या पुस्तकांवरचा सगळ्यात मूलभूत आक्षेप शाहू पाटोळे यांनी घेतला आहे. त्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही आला. जेवणाआधीच्या श्लोकातल्या ‘पूर्णब्रह्मा’ला एक ‘अ’ जोडून पाटोळे विचारतात, की हे पूर्ण कुणाचं? मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत जे शिजलं, जे वाळवून ठेवलं, जे तूप-दुधाशिवाय भागवलं, ते कुठल्या पाककृतींच्या पुस्तकात आहे? हे वाचल्यावर ‘रुचिरा’तली वाटी नुसतं माप राहत नाही. वाटीत घालायला घरात काहीतरी आहे, हे त्या पुस्तकानं आधीच धरलेलं असतं. गोडा मसाला, साजूक तूप, ओला नारळ. हे एका ठरावीक थरातलं स्वयंपाकघर आहे, आणि ‘मराठी जेवण’ म्हणून बराच काळ तेवढंच मिरवलं गेलं.

माझा आक्षेप याहून लहान आहे, आणि तो त्या स्वयंपाकघराच्या आतला आहे.

गेल्या पावसाळ्यात आई पायरीवरून घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. घरात पप्पांचा आणि कॉलेजला जाणाऱ्या बहिणीचा असे दोन डबे. मी वर्क फ्रॉम होम. ‘रुचिरा’ फडताळातून निघालं. आईनं त्यात पेन्सिलीनं वर्षानुवर्षं लिहिलेलं: ‘मीठ कमी’, ‘तिखट दीडपट’, ‘आठ जणांना पुरलं’, एके ठिकाणी नुसतंच ‘यांना नाही आवडलं’. पुस्तक आणि त्याच्या समासातली टीका एकाच वेळी वाचायला मिळाली.

पदार्थ जमले. आईची चटणी, म्हणजे उन्हाळ्यात वर्षाचा करून ठेवलेला कांदा-लसूण मसाला, डब्यात तयार होता, त्यामुळे निम्मी लढाई आधीच जिंकलेली होती. अडकलो ते पदार्थाच्या बाहेर. बुधवारच्या डब्यात मटकीची उसळ हवी असेल तर सोमवारी रात्री मटकी भिजत घालावी लागते. मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधावी लागते. बुधवारी मोड. म्हणजे बुधवारचा डबा सोमवारी सुरू होतो. गुरुवारी पप्पांचा उपास, म्हणून साबुदाणा बुधवारी रात्री. पातळ कालवण डब्यात सांडतं, म्हणून सुकं काहीतरी. भाकरी दुपारपर्यंत कडक होते, म्हणून डब्याला चपाती आणि घरी भाकरी. बहीण शेपू खात नाही. रात्रीच्या चार चपात्या उरल्या तर सकाळी त्यांचा कुस्करा, आणि मग पोहे भिजवायचे नाहीत.

हे ‘रुचिरा’त नाही. ‘रुचिरा’चं एकक आहे पदार्थ. घराचं एकक आहे दिवस, खरं तर आठवडा. पुस्तक प्रत्येक पदार्थ सुटा सांगतं, तर स्वयंपाकघरात प्रत्येक पदार्थ दुसऱ्या तीन गोष्टींवर अवलंबून असतो. काल काय झालं, उद्या कोण येणार, भाजीवाल्याकडे आज काय आहे. चव बाईच्या हातातून काढून कागदावर ठेवणाऱ्या पुस्तकानं हा सगळा हिशेब मात्र बाईच्या डोक्यातच राहू दिला.

पाककृतींच्या पुस्तकाकडून एवढी अपेक्षा करावी का? मला वाटतं, करावी. कारण ‘सव्वा लाख सुनांची सासू’ हे बिरुद लोकांनी प्रेमानं दिलं, पण त्यात पुस्तकाचा वाचक कोण हेही ठरवून टाकलं. प्रमाण कुणालाही वापरता येईल असं. ते दिलं गेलं मात्र त्याच हातांत, ज्यांच्याकडे काम आधीपासून होतं. सासूकडून सुनेकडे. मुलगा या वाक्यात कुठेच येत नाही. आठवड्याचा हिशेब लिहायची गरज पडली नाही, कारण तो सून घरात राहून शिकेल हे धरलेलंच होतं.

सिनेमातला डबा

डब्यावरच्या सिनेमांना दिवस दिसतो का? रितेश बत्रांचा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) निदान तिथून सुरू होतो. इला नवऱ्यासाठी डबा पाठवते आणि तो चुकून साजन फर्नांडिसकडे जातो. डबा चाटूनपुसून रिकामा परत येतो, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघा. रिकामा डबा हाच तिला मिळणारा एकमेव अभिप्राय. नवरा ज्या भाजीची तारीफ करतो ती तिनं पाठवलेलीच नसते. साजन पहिल्या चिठ्ठीत लिहितो, की आज मीठ फार झालं होतं. तक्रारच, पण कुणीतरी खाल्लं आणि त्याकडे लक्ष दिलं, याची ती पोच आहे. आईच्या समासातलं ‘मीठ कमी’ मला इथं आठवलं. फरक इतकाच, की तिथं स्वयंपाक करणारी आणि अभिप्राय लिहून ठेवणारी एकच.

सचिन कुंडलकरांच्या ‘गुलाबजाम’मध्ये (२०१८) लंडनची नोकरी सोडून आलेला आदित्य पुण्यात डबे करून देणाऱ्या राधाकडे स्वयंपाक शिकतो. पुरुषानं बाईकडून हे शिकणं मराठी पडद्यावर दुर्मिळ, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण आदित्य शिकतो तो कला म्हणून, स्वतःचं रेस्टॉरंट काढायचं म्हणून. सकाळी सातला त्याच्या डब्याची कुणी वाट बघत नाही. कॅमेराही पदार्थावर जेवढा रेंगाळतो तेवढा आदल्या रात्रीच्या तयारीवर रेंगाळत नाही. मटकी भिजताना छान दिसत नाही, हे मान्य.

आमच्याकडच्या डब्याची गोष्ट या दोन्हींहून वेगळी आहे. शिकायला तालुक्याला आलेल्या पोरांचा डबा गावाकडून एसटीनं येतो. ड्रायव्हरशेजारी पिशव्या ठेवलेल्या, पिशवीवर नाव, स्टँडवर वाट बघणारी पोरं. पहिली एसटी सहाला निघत असेल तर तो डबा भरणारी बाई किती वाजता उठत असेल? मुंबईच्या डबेवाल्यांवर अभ्यास होतात, सिनेमे निघतात. एसटीच्या डब्यावर अजून कुणी सिनेमा केला तर मी पहिल्या दिवशी बघेन.

शंभर पावलांवरचा सण

आता आख्खा मसूर. कराडपासून पेठ नाक्यापर्यंत पुणे-बंगळूर हायवेवरच्या ढाब्यांच्या पाट्या वाचत जा, हे नाव चुकणार नाही. कराड तालुक्यात मसूर नावाचं गावही आहे, पण गावाचा आणि डाळीचा संबंध लावायच्या भानगडीत मी पडत नाही. निकाल लागला, पहिला पगार झाला, नवीन गाडी घेतली, की घरं निघतात मसूर खायला. बाहेरून आलेल्या मित्रांना हे कळतच नाही. सेलिब्रेशन म्हणून उसळ?

माझ्या मते इथली सगळ्यात चांगली अन्नसमीक्षा याच टेबलवर होते. मसूर घरात असतोच. कांदा, लसूण, चटणी घरात असतेच. पनीर किंवा मटण हॉटेलात जाऊन खाण्यात पदार्थाचं अप्रूप असतं. घरात आहे तेच कोरड्यास बाहेर जाऊन पैसे मोजून खाण्यात अप्रूप कशाचं? आई खुर्चीवर बसलीय आणि गरम रोटी तिच्या ताटात येतेय, याचं. आमची आई पहिला घास घेऊन सांगते, ‘कांदा जरा जास्त परतलाय.’ आणि दुसरी रोटी मागवते. आम्ही आधी जेवायचं आणि तिनं नंतर, हा क्रम फक्त त्या टेबलवर मोडतो.

म्हणून ‘बाहेरचं खाणं वाढलं, घरचं संपलं’ असं रडणारे लेख मला अर्धवट वाटतात. घरचं जेवण टिकवायचं असेल तर आधी त्यातला न लिहिलेला भाग लिहावा लागेल. कमलाबाईंनी १९७० साली चव लिहून काढली. ते अवघड काम होतं आणि ते झालं. पुढचं काम वाटी-चमच्यानं होणार नाही. सोमवारी रात्री मटकी कोण भिजत घालणार, गॅस संपत आलाय हे कुणाच्या लक्षात राहणार, गुरुवारचा उपास कोण सांभाळणार, याचं ते पुस्तक असेल, आणि त्यात वाचकाला ‘सूनबाई’ म्हटलेलं नसेल.

आमच्या फ्रिजवर तशा पुस्तकाचं एक पान त्या सहा आठवड्यांत चिकटलं. सात वार, दोन डबे, प्रत्येक ओळीपुढे नाव. प्लास्टर निघालं त्या दिवशी पप्पा आईला म्हणाले, ‘चला, आता तुमचं तुम्ही बघा.’ आईनं कागद काढला नाही. सोमवारच्या ओळीपुढे पप्पांचं नाव होतं, त्यावर तिनं फक्त पेन्सिलीनं एक बारीक बरोबरची खूण केली. मटकी पप्पांनी भिजत घातली की नाही, हे बुधवारी डबा उघडल्यावर कळतं.